अनुमोदक

"आणखी अलीकडे सरक."

"सरकलो की वो म्याडम. आता बाकडंच संपलं."

"मग उठ आणि चार पावलं पुढे ये. हळू. घाई करू नकोस."

पडद्यावर स्वरांजली तोडकर उठली. आठवा महिना, उन्हानं लाल झालेला चेहरा आणि मनगटावर राखाडी कडं. चार पावलं चालून तिनं कड्याकडे पाहिलं. दिवा तांबडाच होता. आणखी दोन पावलं टाकली तसा तो हिरवा झाला.

"झालं जणू," असं म्हणून ती परत बाकड्यावर जाऊन बसली आणि चहावाल्या सिद्रामकडे बघून हसली.

गडहिंग्लजच्या आपल्या दवाखान्यात पडद्यासमोर बसलेल्या डॉ. हेमांगी शिंत्रेला मात्र हसू आलं नाही. रोज सकाळी आठच्या ठोक्याला एका गर्भारशीला राज्याच्या सीमेवर फुगडी घालायला लावणं, हा तिच्या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरकीचा कळस होता. यासाठी बापानं तिला शिकवलं नव्हतं.

स्वरांजलीला चौदाव्या वर्षापासून फिट यायच्या. सतरा प्रकारची औषधं झाली आणि शेवटी एकच लागू पडलं. त्याच्या गोळ्या पूर्वी मिळत, पण नशेसाठी त्या इतक्या विकल्या जाऊ लागल्या, की सरकारनं गोळ्याच बंद केल्या आणि त्या जागी कुपी आणली. कुपी खरोखर सुरेख होती. भाताच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, दंडात कातडीखाली बसवायची. तिच्यात दोनशे बारीक खळगे, प्रत्येकात एका दिवसाचं औषध आणि प्रत्येकावर केसाहून पातळ धातूचा पापुद्रा. मनगटावरच्या कड्यातून विजेचा हलकासा झटका गेला, की एक पापुद्रा वितळतो आणि त्या दिवसाचं औषध रक्तात उतरतं. विसरायला नको, चोरायला नको, विकायला नको. ज्यानं ही कुपी बनवली त्याच्याबद्दल हेमांगीला आदर होता. असा आदर तिला फार थोड्यांबद्दल वाटे.

पापुद्रा वितळायला कडं तीन गोष्टी तपासायचं. दवाखान्यातून रोज येणारी सही ठरलेल्या डॉक्टरचीच आहे का? दंड ठरलेल्या रुग्णाचाच आहे का? या दोन अटींत अक्कल होती. तिसरी अट होती, तो दंड या क्षणी कुठं आहे?

डॉक्टरला परवाना राज्य देतं आणि उपचार तिथं घडतो जिथं रुग्णाचं शरीर असतं, हा नियम तसा जुनाच. पूर्वी तो कागदावर पडून असे. पलीकडच्या गावातल्या पेशंटला फोनवर औषध सांगताना कुणी नकाशा उघडत नसे. नियम माणसांच्या हातात होता, म्हणून तो चालून जात होता. मग तो यंत्रात घातला. यंत्राला डोळेझाक करता येत नाही. ते आकाशातल्या उपग्रहांना विचारायचं, मोबाइलच्या मनोऱ्यांना विचारायचं आणि वर परिषदेनं खबरदारी म्हणून सीमेच्या दोन्ही अंगांना पन्नास पन्नास मीटरचा 'संशयाचा पट्टा' आखून ठेवला होता. त्या पट्ट्यात उभा असलेला माणूस कायद्याच्या लेखी कुठंच नव्हता.

म्हणून सिद्राम कुंभारनं सीमेच्या दगडापासून पन्नास मीटर सोडून दोन्ही बाजूंना बाकडी टाकली होती. ज्यांचे डॉक्टर अलीकडचे ते पलीकडून चालत इकडे यायचे. ज्यांचे डॉक्टर पलीकडचे ते इकडून तिकडे जायचे. सगळे वाटेत एकमेकांना रामराम करत, उलट्या बाजूला बसून औषध घेत आणि पुन्हा रामराम करत आपापल्या घरी जात. एखाद्या माकडानं हे पाहिलं असतं तर माणूस व्हायचा बेत त्यानं तिथंच रद्द केला असता. हिरवा दिवा लागायला आणखी दोन पावलं लागायची, कारण सिद्रामचं माप पावलांचं होतं आणि परिषदेचं उपग्रहाचं.

स्वरांजलीचं सासर अलीकडे, हेळेवाडीला. ती तिथं असती तर सगळं सुरळीत होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, आणि माहेर दगडापलीकडे दोन किलोमीटरवर, कोगनूरला. सासूला विचारलं, तर ती म्हणाली, "पयलं माहेरानंच करायचं असतंय, आमी न्हाई म्हटलंय का?" आईला विचारलं, तर ती म्हणाली, "पयलं सासरात केलं तर लोक काय म्हनतील?" स्वरांजलीला विचारावं, असं कुणाला सुचलं नाही.

हेमांगीनं आधी सरळ मार्ग धरला. राज्य दूरवैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर 'रुग्णाचे तात्पुरते स्थलांतर' नावाचा अर्ज होता. कारण निवडायचं होतं. पर्याय चार: नोकरी, शिक्षण, पर्यटन, तीर्थयात्रा. या देशात हजारो वर्षं बायका बाळंतपणाला माहेरी जात आल्या आहेत ही बातमी परिषदेपर्यंत पोचली नव्हती. तिनं 'तीर्थयात्रा' निवडलं. चार दिवसांनी उत्तर आलं: कोगनूर येथे मान्यताप्राप्त तीर्थस्थळ आढळत नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे.

मग तिनं परिषदेचे अध्यक्ष डॉ. विश्वजीत नलवडे यांना फोन लावला. नलवड्यांचा आवाज तुपात तळलेला.

"हेमांगीताई! किती दिवसांनी. बोला."

तिनं सगळं सांगितलं. पलीकडच्या डॉक्टरकडे कुपी सोपवायची तर ना-हरकत दाखला लागतो, त्याला कामाचे एकवीस दिवस लागतात आणि तोवर पोरगी बाळंत होऊन जाईल.

"अहो, पण हा नियम आपणच मागून घेतलाय ना?" नलवडे हसले. "कुपीला जागेचं कुलूप. ठराव क्रमांक सतरा. सूचक मी आणि अनुमोदक... आठवतंय ना?"

तिला आठवत होतं. आठ वर्षांपूर्वी कोल्हापुरात डॉक्टरांच्या संघटनेची वार्षिक सभा होती. दुपारचा दीड वाजलेला, पडद्यामागून मसालेभाताचा वास येत होता आणि नलवडे ठरावामागून ठराव वाचत होते. प्रत्येक ठरावाला एक अनुमोदक लागतो. म्हणजे सभागृहात कुणीतरी हात वर करायचा आणि लिहिणाऱ्यानं त्याचं नाव टिपून घ्यायचं. ठराव काय होता हे हात वर करणाऱ्याला माहीत असावं अशी सक्ती नसते. सतराव्या ठरावाला कुणीच हात वर करेना, जेवण अडून राहिलेलं, तेव्हा तिसऱ्या रांगेतून हेमांगीनं हात वर केला होता. पुढं कुणी विषय काढला, की ती सांगायची, "मी ऐकलंच नव्हतं हो, भूक लागली होती." लोक हसायचे. तीही हसायची.

"नियम सगळ्यांना सारखा," नलवडे सांगत होते. "तुमच्यासाठी वाकवला, तर उद्या बाहेरचा कुणीही स्वस्तातला डॉक्टर आपल्या पेशंटच्या दंडात शिरेल. आणि बाकड्यावर बसून काम होतंय ना? मग झालं तर."

फोन ठेवून हेमांगी मोठ्यांदा म्हणाली, "गाढव." कोण, ते तिनं स्पष्ट केलं नाही.

स्वरांजली बाळंत झाली ती पलीकडच्याच रुग्णालयात. मुलगी झाली, तीन किलोला जरा कमी. तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस दुसरं इंजेक्शन देऊन तिला सांभाळलं आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. "बाहेरगावच्या कुपीला आम्ही हात लावत नाही," असं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. ते खोटं नव्हतं. हात लावला असता तर त्यांचाही परवाना गेला असता.

चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता हेमांगी पडद्यासमोर बसली. बाकडं रिकामं होतं. सव्वाआठला तिनं कोगनूरला फोन लावला. पडद्यावर आली ती स्वरांजलीची आई, सुवर्णा मगदूम. पाठीमागं शेगडीचा धूर, धुरी दिल्यासारखा.

"सुवर्णाताई, पोरीला बाकड्यावर का आणलं नाही?"

"बाळंतीन हाय ती म्याडम. बाळंतीन उंबरा वलांडती व्हय? बारावा झाल्याबिगर मी तिला भाईर काढनार न्हाई."

"अहो, गाडीत बसवून न्या. काचा बंद करा. दोन किलोमीटर तर आहे. पाच मिनिटं."

"वारं लागायला पाच मिन्टं बी लागत न्हाईत."

हेमांगीनं कपाळाला हात लावला. एकीकडे उपग्रहांची राखण करणारे शहाणे आणि दुसरीकडे ही. "ताई, हे वारं बिरं काही नसतं. बाळंतपणानंतरचे दहा-बारा दिवस तिच्यासाठी सगळ्यांत धोक्याचे आहेत. झोप नाही, अंगात ताकद नाही. औषध चुकलं तर फिट येणार. मूल मांडीवर असताना आली तर?"

"मग औषध पाठवा की. मी न्हाई म्हनालोय का?"

"औषध तिच्या दंडातच आहे!"

"दंडात हाय तर मग भाईर कशाला न्यायचं?"

हेमांगीनं समजावायचा प्रयत्न केला. परवाना, सीमा, शरीर, उपचार. मराठीत सांगायला घेतल्यावर ते सगळं इतकं निर्बुद्ध वाटायला लागलं, की ती मधेच थांबली. सुवर्णानं तोंडाला पदर लावून ऐकून घेतलं.

"म्हंजे पोरगी माझ्या घरात हाय, औषध पोरीत हाय, आनि सही न्हाई म्हनून ते उतरंना. व्हय?"

"हो."

"उद्या पाचवी हाय आमची. पाटावर कोरा कागद आनि पेन ठेवतोय. सटवाई येऊन पोरीचं नशीब लिवून जाती. तिला कुनाची सही लागत न्हाई बघा, आनि ती दगड बी बघत न्हाई." मग तिचा आवाज उतरला. "म्याडम, माझं पयलं पोरगं. सासूनं मला सातव्या दिवशी पान्याला लावलं. थंडी भरली, दूध आटलं. पोरगं गेलं. ही स्वरा दुसरी माझी. तवापासनं मी देवाला सांगितलंय, माझ्या पोरीला बारा दिवस कुनी उठवायचं न्हाई."

बाईचा नियम अडाणी असेल, पण तो एका मेलेल्या पोरावरून आला होता आणि बाराव्या दिवशी संपणार होता. परिषदेचा नियम मसालेभातावरून आला होता आणि त्याला शेवटची तारीखही नव्हती.

"स्वराला द्या जरा फोन."

स्वरांजली खाटेवर होती, डोक्याला रुमाल बांधलेला, मांडीवर मुलगी. तिनं आई बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली.

"म्याडम, सकाळधरनं डाव्या हाताच्या बोटात मुंग्या यायलेत. दोनदा. आईला सांगितलं न्हाई."

मुंग्या हा स्वरांजलीचा जुना इशारा होता. मुंग्या आल्या, की दहा-बारा तासांत फिट यायची. कधी चुकलं नव्हतं.

"बाळाला खाली ठेव," हेमांगी म्हणाली. "आत्ता. गादीच्या मधोमध. आणि फोन चालू ठेव."

गाडीत बसून कोगनूरला जावं, तर सीमा ओलांडताच ती डॉक्टर राहणार नव्हती. बॅगेत औषध नेलं, तर नशेचा माल सीमेपार नेणारी गुन्हेगार. एकच दार उरलं होतं. नियमावलीत एक कलम होतं: झटका प्रत्यक्ष सुरू झाला असता देशातील कोणताही डॉक्टर, रुग्ण कुठल्याही राज्यात असला तरी, एक दिवसाचं औषध मोकळं करू शकेल. म्हणजे घर पेटलं, की पाणी मिळेल. पेटू नये म्हणून मागितलं, तर नाही. ते कलम लिहिणाऱ्यानं फिट आलेलं माणूस आयुष्यात कधी पाहिलं नसावं. पाहिलं असतं, तर मांडीवरून पडलेलं मूल पुन्हा मांडीवर ठेवायला कलम नसतं, एवढं तरी त्याला कळलं असतं.

तिनं ते पान उघडलं. पडद्यावर एकच प्रश्न होता. 'झटका सुरू झाला आहे काय?' खाली दोन चौकोन: हो, नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरांत: खोटी नोंद केल्यास परवाना रद्द.

फोनवरून स्वरांजलीचा आवाज आला, "म्याडम, तिसऱ्यांदा आल्या मुंग्या."

हेमांगीनं 'हो' दाबलं. कोगनूरच्या खोलीत कड्यावरचा दिवा हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा 'हो'. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज आठ वाजता हेमांगी विचारायची, "कशी आहेस?" स्वरांजली डिंकाचा लाडू खाता खाता सांगायची, "बरी हाय की," आणि हेमांगी तिला नुकताच भयंकर झटका आल्याची नोंद करायची. बाराव्या दिवसापर्यंत नऊ नोंदी झाल्या. परिषदेच्या दप्तरात स्वरांजली तोडकर ही देशातली सर्वांत गंभीर रुग्ण ठरली. मुंग्या थांबल्या होत्या. मुलीचं वजन वाढलं होतं. तेराव्या दिवशी सुवर्णानं स्वतः लेकीला गाडीत बसवून बाकड्यावर आणलं, नातीला गोधडीत गुंडाळून, आणि हेमांगीचं 'हो' दाबणं संपलं.

त्याच आठवड्यात परिषदेच्या संगणकानं तिला आपोआप एक प्रशस्तिपत्र धाडलं. 'नऊ दिवसांत नऊ वेळा जीव वाचविल्याबद्दल जीवनरक्षक सन्मान.' पाठोपाठ नलवड्यांचा फोन.

"हेमांगीताई, विक्रम आहे हो विक्रम! वार्षिक सभेत सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं. पडद्यावर पेशंटचा आलेख दाखवू, लोकांना झटके दिसले पाहिजेत."

आलेख मागवला गेला. कडं हाताचा थरकापही टिपत असतं हे तिला माहीत होतं. नऊही दिवसांचा थरकाप सपाट होता, पालथ्या परातीसारखा. शालीची ऑर्डर रद्द झाली आणि नोटीस निघाली. त्यांनी खोटं पकडलं होतं ते पेशंटच्या काळजीनं नव्हे, तर समारंभाच्या हौसेनं.

नोटिशीनं ती हादरली नाही. हादरली ती दोन दिवसांनी आलेल्या फोननं.

"म्याडम," स्वरांजली रडत होती, "मला एक बी फिट आली न्हाई न्हवं?"

"नाही. एकही नाही."

"मग कागदावर नऊ कशा? सासूबाईंच्या फोनवर सरकारी कागद आलाय. बाळाच्या आईला लई जोराचा आजार हाय, बाळ तिच्या एकटीजवळ देऊ नये म्हनून. त्या म्हनायलेत, सव्वा महिना झाला की पोरगी आमच्याजवळ ठिवा, तू ऱ्हा माहेरात. ह्यांनी बी काय म्हटलं न्हाई. म्याडम, पोरगी माझी हाय ती."

हेमांगीला स्वतःची शरम वाटली. एक चौकोन दाबताना तिनं फक्त आपल्या परवान्याचा विचार केला होता आणि त्यातच तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. खोटं कुणाच्या नावावर लिहिलं जातंय हे पाहिलंच नव्हतं.

"मी खोडून काढते," ती म्हणाली. "माझ्यावर सोड."

सुनावणी कोल्हापुरात, संघटनेच्या वार्षिक सभेलाच जोडून होती. विषय क्रमांक तेवीस. तोच हॉल. जेवणाचा पडदाही तोच असावा. आदल्या दिवशी हेमांगीनं आपले सगळे पेशंट गावातल्या एका भरवशाच्या डॉक्टरकडे सोपवले. स्वरांजलीचं नाव सगळ्यांत वर होतं.

सभा सुरू होण्याआधी नलवड्यांनी तिला खांबाआड घेतलं.

"ताई, मी काय परका आहे का? सोपं करून टाकू. तुम्ही एवढंच म्हणा, की कडं सैल होतं, म्हणून थरकाप उमटला नाही. झटके आले होते. यंत्राचा दोष. विषय संपला. परवानाही राहील, आणि... शालसुद्धा मिळेल कदाचित."

"आणि पेशंटच्या नावावर नऊ झटके तसेच राहतील."

"राहू देत की. तिला काय फरक पडतोय?"

हा माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट व्हायला समोरचा माणूस दिसावा लागतो.

तिला व्यासपीठासमोर उभं केलं. परिषदेचे सदस्य सात. त्यातले दोन जागे होते.

"डॉ. शिंत्रे," नलवड्यांनी सभेचा आवाज लावला, "रुग्णाला झटके आले होते काय?"

"नाही. एकही नाही. मी नऊ वेळा खोटं लिहिलं. रुग्णाच्या नावावरच्या नऊही नोंदी खोडाव्यात आणि तिच्या सासरी गेलेला कागद मागे घ्यावा, असं मी लेखी मागते." तिनं कागद टेबलावर ठेवला. "आधी हा आवक नोंदवून घ्या. मग माझं काय करायचं ते करा."

लिहिणाऱ्यानं शिक्का मारला. नलवड्यांच्या चेहऱ्यावरचं तूप गोठलं.

"झटके आले नाहीत, म्हणजे आणीबाणी नव्हती."

"औषध दिलं म्हणून झटके आले नाहीत."

"पण आले नाहीत ना?" एक जागा सदस्य म्हणाला. "मग औषधाची गरज होती हे सिद्ध कसं होणार?"

"तिला झटका येऊ दिला असता, तर झालं असतं. मांडीवरचं मूल पडलं असतं, तर अगदी भक्कम सिद्ध झालं असतं. तुम्हाला पुरावा हवा होता, तो मी तयार होऊ दिला नाही. हा माझा गुन्हा. कबूल."

"आपण नियमाचा अवमान करता आहात," नलवडे म्हणाले. "जो नियम आपल्याच अनुमोदनानं झाला."

इथं ती नेहमीसारखं म्हणू शकली असती, की मी ऐकलं नव्हतं, भूक लागली होती. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ते खरं नव्हतं, आणि आज खोटं पुरे झालं होतं.

"हो," ती म्हणाली. "आठ वर्षं मी सांगत आले, की मी तो ठराव ऐकला नव्हता. ऐकला होता. सगळा नाही, पण पुरेसा. बाहेरचे डॉक्टर बंद होतील एवढं कळलं होतं, आणि ते मला आवडलं होतं. माझे तीन पेशंट त्या महिन्यात तिकडे गेले होते. पेशंट कुठं उभा राहील, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात पेशंट नव्हता."

सभागृह शांत झालं. क्षणभर तिला वाटलं, शब्द कुठंतरी लागले. मग पडद्यामागं कुणीतरी पातेल्याचं झाकण काढलं, मसालेभाताचा वास सुटला आणि ती शांतता कशाची होती ते कळलं.

नलवड्यांनी घड्याळ पाहिलं आणि भरभर वाचायला घेतलं. "ठराव. रुग्णाच्या नोंदी दुरुस्त करण्यात याव्यात. डॉ. हेमांगी शिंत्रे यांचा परवाना तीन वर्षांसाठी स्थगित करण्यात यावा. सूचक मी. अनुमोदक?"

कुणी हललं नाही. परवाना घ्यायला कुणाची ना नव्हती, पण त्याखाली नाव नको होतं.

"अनुमोदक? मंडळी, जेवण गार होतंय."

तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. पंचविशी ओलांडलेली मुलगी, गळ्यात नवंकोरं ओळखपत्र, डोळे मोबाइलमध्ये. हात वर ठेवूनच ती अंगठ्यानं काहीतरी सरकवत होती.

"नाव?" लिहिणाऱ्यानं विचारलं.

"डॉ. मैत्रेयी सासने," तिनं वर न बघता सांगितलं.

खुर्च्या सरकल्या. लोक पडद्याकडे धावले. हेमांगीनं दुरुस्तीच्या ठरावाची प्रत घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि दारात उभं राहून स्वरांजलीला निरोप पाठवला: नऊ फिट खोडल्या. पोरगी तुझीच. सासूला कागद दाखव.

पाठीमागून कुणीतरी आलं. तीच मुलगी होती. हातात रिकामी थाळी, चेहरा जरासा ओशाळलेला.

"मॅडम, सॉरी हं, तुम्ही पुढेच उभ्या होतात म्हणून विचारते. तो शेवटचा ठराव कशाचा होता?"

हेमांगीनं तिच्याकडे नीट पाहिलं. राग यायला हवा होता, पण तिसऱ्या रांगेतल्या त्या हाताशी तिची जुनी ओळख होती.

"आधी जेवून घे," ती म्हणाली. "मला कळायला आठ वर्षं लागली."